पावणेआठ म्हणजे आठ पंचेचाळीस नव्हे!

जोगेश्वरी, प्रतिनिधी

जोगेश्वरी स्थानकाच्या फलाटावर सकाळच्या वेळी उभे राहिले, की लोकलगाड्यांना येथे नावे नसून वेळा आहेत हे ध्यानात येते. 'आठ बत्तीस गेली का?', 'आठ एक्केचाळीसला चढता येत नाही', अशीच भाषा कानी पडते. एकेका मिनिटाचा हिशेब ठेवणाऱ्या याच चाकरमान्यांच्या घरातील तिसरी-चौथीची मुले मात्र गणिताच्या पुस्तकातील 'कालमापन' हा भाग आला की अडखळतात. बेरीज-वजाबाकी पक्की असलेली, पाढे धडाधड म्हणणारी मुलेही येथे चुकतात. ती का चुकतात, हे पाहिल्यास दोष मुलांच्या बुद्धीत नाही, असेच म्हणावे लागते.

एक साधे उदाहरण घ्या. रेश्मा ७.४५ ला घरातून निघाली आणि ९.१० ला आजीकडे पोहोचली. तिला किती वेळ लागला? चौथीतील मूल वहीत ९.१० खाली ७.४५ मांडते, शून्यातून पाच जात नाहीत म्हणून शेजारून हातचा घेते आणि उत्तर लिहिते, १.६५. वजाबाकी निर्दोष आहे. उत्तर मात्र चूक आहे, कारण खरे उत्तर १ तास २५ मिनिटे हे आहे. आजवर त्या मुलाने जितक्या वजाबाक्या केल्या, त्या साऱ्यांत हातचा घेतला की दहा मिळत होते आणि शतकाची मोड केली की शंभर. घड्याळात मात्र एक तास मोडला की साठ मिळतात. नियम बदलला आहे, हे त्याला कोणी स्पष्टपणे सांगितलेलेच नसते.

यातही एक गंमत आहे. १ तास २० मिनिटे आणि २ तास १५ मिनिटे यांची बेरीज मुलाने दशांशासारखी केली तरी ३.३५, म्हणजे बरोबर उत्तर येते. मिनिटांची बेरीज साठच्या आत राहिली की चुकीची रीत उघडी पडत नाही. १ तास ५० मिनिटे आणि २ तास ३५ मिनिटे दिली, की लगेच ३.८५ असे उत्तर येते. खरे उत्तर ४ तास २५ मिनिटे. आरंभी सोपी उदाहरणे द्यावीत हे शिक्षणशास्त्र योग्यच. पण नुसती सोपी उदाहरणे सोडवून घेतली, तर मूल चुकीची रीतच पक्की करून बसते. साठ ओलांडणारे एखादे उदाहरण पहिल्याच दिवशी फळ्यावर आलेले बरे.

या गोंधळास आपली लिहिण्याची सवयही कारणीभूत आहे. मराठीत आपण वेळ टिंब देऊन लिहितो. वर्तमानपत्रांतही, अगदी या मजकुरातही, ७.४५ असेच छापले जाते. पाचवी-सहावीत दशांश अपूर्णांक येतात तेव्हा तेच टिंब निराळ्या अर्थाने समोर उभे राहते. २.३० वाजले, २.३० तास लागले आणि २.३० रुपये या तीन गोष्टी कागदावर सारख्याच दिसतात. बोलताना मात्र मराठी भाषा हा भेद नीट पाळते. 'अडीच वाजले' हा क्षण आहे, 'अडीच तास लागले' हा कालावधी आहे. म्हणून कालावधी लिहिताना टिंब न वापरता '२ ता. ३० मि.' असेच लिहावयास लावणे हा वर्गात करता येण्याजोगा बिनखर्चाचा उपाय आहे.

मराठी भाषेने वेळेच्या गणितासाठी पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे खास शब्द दिले आहेत. जुन्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी पाठ असे. आजच्या मुलाला 'पावणेआठ' ऐकले की 'आठ' तेवढे ऐकू येते आणि ते ८.४५ लिहिते. घड्याळाकडे पाहिले तर चूक आणखी बळावते, कारण ७.४५ ला तासकाटा आठाला जवळजवळ टेकलेला असतो. 'पावणे' म्हणजे पावाने उणे, आठाला पाव तास कमी, हे एकदा उलगडून सांगितले की गाठ सुटते. 'सव्वा वाजला' म्हणजे १.१५ आणि 'पाऊण वाजला' म्हणजे १२.४५, हे तर अनेक मोठ्यांनाही क्षणभर थांबवते. सव्वाशे म्हणजे १२५, पण सव्वा तास म्हणजे ७५ मिनिटे. पाव तोच, मात्र शंभराचा पाव पंचवीस आणि साठाचा पाव पंधरा. हे एवढे मुलाच्या लक्षात आले, तर अर्धे कालमापन शिकवून झाले असे समजावे.

शाळा स्वतःही गोंधळात भर घालते. 'गणिताचा तास' साठ मिनिटांचा नसतो! तो पस्तीस-चाळीस मिनिटांत संपतो, आणि 'तास म्हणजे साठ मिनिटे' हा धडाही त्याच तासाला शिकवला जातो.

शिकवावे कसे? आरंभ मिनिटकाट्याविना करता येतो. पुठ्ठ्याच्या घड्याळाला फक्त तासकाटा लावावा आणि तो सात व आठ यांच्यामध्ये ठेवून विचारावे, 'सात वाजून गेले की वाजायचे आहेत?' तासकाटा एका आकड्यावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही, सरकत जातो, हे यातून कळते. मिनिटकाटा त्यानंतर यावा, कारण तो आला की प्रत्येक आकड्याला दुसरे नाव मिळते. चार म्हणजे वीस, नऊ म्हणजे पंचेचाळीस. येथे पाचाचा पाढा कामी येतो. घरात भिंतीवरचे घड्याळ जाऊन मोबाइलवरचे आकडे तेवढे उरले असतील, तर मुलाला हा सराव मिळतच नाही. स्वस्तातले का होईना, काट्यांचे एक घड्याळ घरात असावे.

दोन वेळांमधील अंतर काढण्यासाठी उभ्या वजाबाकीपेक्षा काळरेषा अधिक सुलभ ठरते. वहीत आडवी रेघ ओढून टप्प्याटप्प्याने पुढे जायचे. ७.४५ पासून ८ पर्यंत १५ मिनिटे, ८ पासून ९ पर्यंत १ तास, ९ पासून ९.१० पर्यंत १० मिनिटे. एकूण १ तास २५ मिनिटे. स्थानकावर उभे असलेले आई-वडील मनात हेच करीत असतात. उभी मांडणी नंतर शिकवता येते. ९ तास १० मिनिटांतील एक तास मोडून ८ तास ७० मिनिटे करावयाची व त्यांतून ७ तास ४५ मिनिटे वजा करावयाची.

रूपांतराच्या वेळी मुलांचा नेमका प्रश्न असतो, 'गुणायचे की भागायचे?' यावर 'सुटे पैसे' हा मुंबईकरांना चांगला परिचित दृष्टान्त आहे. पन्नासची नोट मोडली की हातात नाणी जास्त येतात, रक्कम तीच राहते. तासाचे सुटे करायचे तर संख्या वाढणार, म्हणून साठने गुणावे. मिनिटे देऊन बंदे तास घ्यायचे तर संख्या घटणार, म्हणून भागावे. १३५ मिनिटांना साठने भागले की भागाकार २ आणि बाकी १५. म्हणजे २ तास १५ मिनिटे. गणकयंत्र हेच उत्तर २.२५ असे दाखवते आणि मूल '२ तास २५ मिनिटे' लिहून मोकळे होते. ज्याला २.२५ म्हणजे 'सव्वादोन' हे ठाऊक आहे, ते मूल येथे फसत नाही.

हा केवळ परीक्षेतील दोन-चार गुणांचा प्रश्न नाही. समजा, एखाद्या कारखान्यात जादा कामाला तासाला ९० रुपये मिळतात आणि कामगाराने २ तास ४० मिनिटे जादा काम केले. हिशेबनिसाने २.४० गुणिले ९० केले तर होतात २१६ रुपये. वास्तविक चाळीस मिनिटे म्हणजे तासाचा दोन तृतीयांश भाग, म्हणून मजुरी २४० रुपये व्हावयास हवी. दिवसाचे २४ रुपये, पंचवीस दिवसांचे ६०० रुपये. ज्यांच्या घरात जादा कामावर महिना निभावतो, त्यांच्या चौथीतील मुलाला हे गणित येणे किंवा न येणे यात फरक आहे.

मुले मोठी झाली की हे आपोआप येते, हा समजही खरा नाही. 'असर' या पाहणीत २०१७ साली ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना घड्याळ दाखवून वेळ विचारण्यात आली होती. पूर्ण तासाची वेळ ८३ टक्क्यांनी अचूक सांगितली. तास व मिनिटे दोन्ही सांगावयाची वेळ आली तेव्हा हे प्रमाण साठ टक्क्यांच्याही किंचित खाली आले.

मध्यरात्र ओलांडणारी उदाहरणे तर स्वतंत्रपणे शिकवावी लागतात. जोगेश्वरीतील अनेक घरांत वडील रात्री उशिरा येतात आणि मुले तोपर्यंत जागी असतात. रात्री सव्वाअकराला झोपलेले मूल सकाळच्या शाळेसाठी सहाला उठले, तर त्याची झोप किती झाली? मध्यरात्रीपर्यंत ४५ मिनिटे, पुढे ६ तास. म्हणजे पावणेसात तास. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, अशी सूचना राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढली, तिच्यामागे मुलांच्या झोपेचाच विचार होता.

चोवीस तासांच्या घड्याळात १७.०० पाहून 'सात वाजले' म्हणणारी मुले पुष्कळ असतात; ती बाराऐवजी दहा वजा करतात. मोठ्यांची फसगत होते ती शून्यापाशी. दादरहून सावंतवाडीला जाणाऱ्या तुतारी एक्स्प्रेसची सुटण्याची वेळ वर्षानुवर्षे ००.०५ अशी राहिली आहे. तिकिटावर १२ तारीख असेल, तर ११ तारखेच्या रात्रीच जेवण उरकून दादर गाठावे लागते. जो १२ तारखेच्या रात्री सामान घेऊन फलाटावर येतो, त्याची गाडी जवळजवळ चोवीस तासांपूर्वी गेलेली असते. गणपतीला गावी जाणाऱ्या घरांनी हे तिकीटच मुलापुढे ठेवावे आणि 'आपण घरातून कोणत्या तारखेला निघायचे?' असे विचारावे.

थोड्या मोठ्या मुलांसाठी या शहराचाच इतिहास एक सुरेख उदाहरण देतो. देशासाठी प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. ती ग्रिनिचच्या ५ तास ३० मिनिटे पुढे होती. मुंबईची स्वतःची वेळ ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. मुंबईकरांनी नवी वेळ सहजासहजी स्वीकारली नाही आणि 'मुंबई वेळ' शहरात पुढे १९५५ पर्यंत टिकून राहिली. एकाच शहरात रेल्वेचे घड्याळ एक वेळ दाखवी आणि दुसरे घड्याळ दुसरी. आता प्रश्न असा, की रेल्वेच्या घड्याळात दुपारचे बारा वाजले असताना मुंबई वेळेनुसार किती वाजले असतील? मुलांना काळरेषा काढू द्यावी. अंतर ३९ मिनिटांचे, म्हणून उत्तर ११.२१. ज्याचे उत्तर ११.६१ येईल, त्याच्याशी पुन्हा एकदा सुट्या पैशांपासून सुरुवात करावी.