हवाई दलाच्या तळाजवळ बिऱ्हाड नेताना

वस्तीतला मुलगा फौजेत लागला की पेढे वाटले जातात. लग्न होतं, सून वर्ष-दोन वर्षं पनवेलला सासूजवळ राहते आणि एक दिवस फोन येतो, 'क्वार्टर मिळालं, आदमपूरला या.' आदमपूर पंजाबात, जालंधर जिल्ह्यात. तिथे हवाई दलाचा मोठा तळ आहे. कुणाला अंबाला मिळतं, कुणाला पठाणकोट. मग पंधरा दिवसांत भांडी, गोधड्या, लोणच्याची बरणी सगळं बांधून होतं. दवाखान्याची फाईल मात्र कपाटावरच राहते.

फौजी बिऱ्हाड आपल्याला नवं नाही. बाबासाहेबांचा जन्मच १४ एप्रिल १८९१ ला महूच्या लष्करी छावणीत झाला. सुभेदार रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंब आधी दापोलीला, मग साताऱ्याला गेलं. भीमाई गेल्या त्या साताऱ्यातच, बाबासाहेब अगदी लहान असताना. नव्या गावात आईची तब्येत कोण बघतं, हा प्रश्न तेव्हाही होता.

आम्ही वस्तीत फिरताना सुनांना पहिलं विचारतो ते सिकलसेलचं. आपल्यातल्या बऱ्याच घरांचं मूळ विदर्भात आहे. तिथल्या आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार बराच आढळतो. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आई किंवा वडील, एकाकडूनच दोष आला तर माणूस वाहक. दोघांकडून आला तर रुग्ण. वाहकाला सहसा त्रास नसतो. रुग्णाला मात्र थंडी, ताप, दमणूक किंवा पाणी कमी पडणं यांतून हाडं, सांधे, छाती दुखण्याचा झटका येतो. पंजाबात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा चार-पाच अंशांवर उतरतो, आणि थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणीही कमी प्यायलं जातं. शिवाय तिकडे हा आजार क्वचितच दिसतो. रक्त कमी म्हटलं की थॅलेसेमियाचा विचार आधी होतो. त्यामुळे डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. 'मला सिकलसेल आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगा. रिपोर्टची झेरॉक्स पिशवीत, फोटो मोबाईलमध्ये आणि चालू गोळ्या निदान महिनाभराच्या जवळ ठेवा. तपासणी झालीच नसेल तर निघण्याआधी सरकारी दवाखान्यात करून घ्या.

बदली लेहला झाली तर वाहकानेही डॉक्टरांना आधी सांगावं, जवान स्वतः वाहक असेल तर त्यानेसुद्धा. लेह साडेतीन हजार मीटर उंचावर आहे, हवा विरळ. अशा ठिकाणी वाहकालाही क्वचित त्रास होतो. डाव्या बरगडीखाली जोरात दुखू लागलं तर ते पोटदुखी म्हणून अंगावर काढायचं नाही. तसं तर पहिले दोन दिवस तिथे प्रत्येकानेच विश्रांती घ्यायची असते.

दुसरी भीती शेगडीची. पनवेलच्या माणसाला बंद खोलीत कोळसे पेटवून झोपायची सवय नाही, म्हणून धोकाही माहीत नाही. तिकडे अंगीठी म्हणतात. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. माणसाला वाटतं झोप आली, आणि तो उठतच नाही. घरातल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखू लागलं तर आधी दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, मग १०८ ला फोन करा. बाथरूममध्ये गॅसचा गीझर असेल तर बादली भरून घ्या, गीझर बंद करा, मगच आंघोळीला बसा.

कागदांचं थोडक्यात. तळावर कुटुंबासाठी दवाखाना असतो, उपचार मोफत असतात. पण लग्नाची आणि मुलांची नोंद युनिटमध्ये झालेली हवी, कार्ड हातात हवं. हे काम नवऱ्याकडून निघण्याआधीच करून घ्या. बाळाच्या लसी कुठल्याही सरकारी केंद्रात मोफत मिळतात, मात्र माता-बाल कार्ड दाखवा. 'सगळ्या झाल्या' एवढं तोंडी सांगून नर्सला काही कळत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

विमानांच्या आवाजाने पहिले काही दिवस बाळ दचकतं. त्याला आतल्या खोलीत झोपवा, कानात कापूस कोंबू नका.

आणि भोंगा. मे २०२५ मध्ये, ७ ते १० तारखेच्या दिवसांत, पंजाबात रात्री दिवे बंद होते, भोंगे वाजत होते. इथे पनवेलला सासवा रात्रभर टीव्हीसमोर बसल्या, बीपीच्या गोळ्या चुकल्या. तिकडे सून दोन मुलांना घेऊन अंधारात, नवरा ड्युटीवर. अशा वेळी दिवे बंद करून खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीशी बसायचं. तळाचा फोटो-व्हिडिओ कुणालाही, अगदी आईलाही, पाठवायचा नाही. पाणी, औषधं आणि टॉर्चची एक पिशवी दाराशी असू द्या.

भोंगे थांबल्यावरही कित्येक आठवडे झोप न येणं, दार वाजलं तरी छाती धडधडणं, भाषा येत नाही म्हणून दिवसदिवस कुणाशी न बोलणं, याला 'सूनबाई नाजूक आहेत' म्हणून उडवू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत चालतो आणि मराठीतही बोलता येतं. सासूबाई, हा नंबर तुमच्यासाठीही आहे. आणि रात्री फोन कराल तेव्हा 'मुलगा कसा आहे' विचारायच्या आधी, 'तू जेवलीस का' एवढं तिला विचारा.