एकवीस किलोमीटर आणि साडेसत्त्याण्णव मीटर

हाफ मॅरेथॉनची कमान ओलांडली की धावणाऱ्याचा हात आपोआप दुसऱ्या मनगटाकडे जातो. आधी अंतर मोजणारे घड्याळ बंद करायचे, मग श्वास घ्यायचा. पुढच्या पाच मिनिटांत, गळ्यात पदक आणि हातात केळे घेऊन, एकच चर्चा सुरू होते. ‘माझं एकवीस पस्तीस दाखवतंय.’ ‘माझं एकवीस अठ्ठावीस.’ ‘म्हणजे अडीचशे मीटर जास्तच पळवलं की आपल्याला!’ आयोजकांवर खापर फुटते. मार्ग नीट मोजून घेतलेला असेल, तर मात्र बहुतेक वेळा रस्ता बरोबर असतो आणि मनगटावरचा आकडा फुगलेला असतो.

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. पहिल्या तिघांसाठी हा आकडा फारसा महत्त्वाचा नाही, त्यांची शर्यत शेजारी पळणाऱ्याशी असते. मागून येणाऱ्या हजारोंना व्यासपीठ मिळणार नसते. बँकेत नोकरी करणारा, शाळेत शिकवणारी, दुकान सांभाळून पहाटे साडेचारला उठणारा अशा सगळ्यांची स्पर्धा स्वतःच्या आजवरच्या सर्वोत्तम वेळेशी, म्हणजे ‘पीबी’शी (पर्सनल बेस्ट) असते. त्यामुळे अंतराच्या अचूकपणाची सर्वाधिक गरज या हौशी धावपटूंनाच आहे. गेल्या वर्षीचे एकवीस आणि यंदाचे एकवीस सारखे नसतील, तर तुलना कशाची करायची?

गोल आकड्यांची ओढ तर विलक्षण असते. अमेरिकी संशोधकांनी मॅरेथॉनच्या जवळजवळ एक कोटी वेळा तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. तीन तास, साडेतीन तास, चार तास या आकड्यांच्या अगदी अलीकडे धावपटूंची दाटी होते आणि ते ओलांडताच संख्या एकदम घसरते. तीन तास एकोणसाठ मिनिटांत पोहोचणारे भरपूर, चार तास एक मिनिटात पोहोचणारे त्या मानाने कमी. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये घड्याळाकडे पाहून माणसे अंगातली उरलीसुरली ताकद बाहेर काढतात.

हाफ मॅरेथॉनमध्ये हाच मान दोन तासांना आहे. त्यासाठी प्रत्येक किलोमीटर सरासरी ५ मिनिटे ४१ सेकंदांत पळावा लागतो. समजा, एका धावपटूने घड्याळावर नेमका हाच पेस शेवटपर्यंत राखला, पण घड्याळ अंतर १.२ टक्के वाढवून सांगत होते. त्याचा खरा पेस ५ मिनिटे ४५ सेकंदांचा ठरतो. घड्याळात एकवीस किलोमीटर आणि वर शंभर मीटर भरतात तेव्हा कमान अजून अडीचशे मीटर लांब असते, आणि तिथे पोहोचेपर्यंत २ तास १ मिनिट २६ सेकंद झालेले असतात. वर्षभराचा सराव त्या अडीचशे मीटरमध्ये अडकतो, हे पाहणाऱ्यालाही लागते.

घड्याळ मुद्दाम फसवत नाही. ते उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून साधारण दर सेकंदाला आपली जागा ठरवते. मोकळ्या आकाशाखालीही ही जागा काही मीटरने चुकते, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. असे चुकलेले ठिपके जोडले की सरळ रस्त्यावरही नागमोडी रेघ तयार होते, आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच असणार. चुका दोन्ही बाजूंना होत असल्या तरी अंतरात त्या एकमेकींना खोडून काढत नाहीत, बेरीज वाढतच जाते. उंच इमारतींच्या गल्लीत संकेत भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात आणि गोंधळ आणखी वाढतो. घाटातल्या अगदी तीव्र वळणावर मात्र उलट होऊ शकते: दोन ठिपक्यांमधला वळसा घड्याळ कापून टाकते आणि अंतर कमी भरते.

शिवाय धावपटू खरोखरच थोडे जास्त पळतो. मार्ग मोजताना वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटरवरून, म्हणजे शक्य तितक्या जवळच्या वाटेने मोजतात. काटकोनी वळण त्या रेषेच्या तीन मीटर बाहेरून घेतले की ४.७ मीटर वाढतात. अशी वीस वळणे झाली की ९४ मीटर. त्यात पुढच्या घोळक्याला वळसा घालणे आणि पाण्याच्या टेबलाकडे जाऊन परत येणे आहेच.

मग रस्ता मोजतात कसा? सायकलने. उपग्रहांच्या काळातही रस्त्यावरच्या शर्यतींसाठी हीच पद्धत अधिकृत मानली जाते. ब्रिटनमध्ये जॉन ज्युएल यांनी १९६१ मध्ये सायकलच्या मोजणीची पद्धत शास्त्रशुद्धपणे मांडली. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅलन जोन्स यांनी पुढच्या चाकाच्या आसाला बसणारा एक छोटा यांत्रिक गणक बनवला. तो ‘जोन्स काउंटर’ म्हणून ओळखला जातो.

हे यंत्र जवळून पाहण्यासारखे आहे. चाकाची एक फेरी झाली की त्यावरचे आकडे साडेतेवीसहून किंचित जास्त पुढे सरकतात. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला, तर एक आकडा म्हणजे जेमतेम नऊ सेंटीमीटर. पण परिघावर कोणी विसंबत नाही. आधी एका सरळ, सपाट रस्त्यावर पोलादी पट्टीने किमान ३०० मीटरचे अंतर आखतात. पट्टी स्प्रिंगकाट्याने ठरावीक ताण देऊन धरायची आणि तापमान टिपून घ्यायचे, कारण पट्टीवरचे माप २० अंश सेल्सियससाठी बरोबर असते. ३५ अंशांच्या उन्हात पोलाद ३०० मीटरमागे सुमारे पाच सेंटीमीटर लांबते, एवढाही फरक हिशेबात घेतला जातो. त्या आखलेल्या तुकड्यावर मोजणीदार सायकलवरून चार वेळा जातो आणि गणक किती आकडे फिरला ते लिहितो. मग शर्यतीचा सगळा मार्ग मोजायचा आणि लगेच परत येऊन त्याच तुकड्यावर आणखी चार फेऱ्या मारायच्या. या फेऱ्या वाया जात नाहीत. ऊन चढले की टायरमधली हवा फुगते, चाक कणभर मोठे होते आणि तेवढ्याच रस्त्याला कमी आकडे पडतात. सकाळच्या आणि नंतरच्या आकड्यांतला फरक हे बरोबर पकडतो.

एवढे करूनही मोजणीदार दर किलोमीटरमागे मुद्दाम एक मीटर जास्त ठेवतो. मोजणीत बारीक चूक राहिली तरी मार्ग आखूड निघू नये, यासाठी ही तजवीज. त्यामुळे नियमाप्रमाणे आखलेली हाफ मॅरेथॉन २१ मीटर जादाच असते. दोन तासांत पळणाऱ्याला त्याची किंमत सात सेकंद पडते. ही किंमत रास्त आहे, कारण त्या बदल्यात त्याच्या वेळेवर कोणी शंका घेऊ शकत नाही.

शंका घेतली गेल्याची उदाहरणे मोठी आहेत. १९८१ च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये अल्बर्टो सलाझार यांनी २ तास ८ मिनिटे १३ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. पुढे मार्ग पुन्हा मोजला तेव्हा तो सुमारे दीडशे मीटर कमी भरला आणि विक्रम गेला. मँचेस्टर मॅरेथॉनचा मार्ग २०१३ ते २०१५ अशी सलग तीन वर्षे ३८० मीटर आखूड असल्याचे नंतर उघड झाले. सुमारे २४ हजार धावपटूंच्या वेळा बाद झाल्या आणि त्यात बहुसंख्य हौशीच होते. २०२१ मध्ये ब्रायटनला उलट घडले. मार्ग आखताना झालेल्या चुकीमुळे सगळ्यांना ५६८ मीटर जास्त पळावे लागले. किलोमीटरला सहा मिनिटे घेणाऱ्याची त्यात जवळजवळ साडेतीन मिनिटे गेली.

आपल्या मातीतल्या एका थोर धावपटूच्या वेळेकडेही या नजरेने पाहायला हवे. १९१९ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत खेड्यापाड्यांतले धावपटू पाहून उद्योगपती दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि पुढच्याच वर्षी भारताचा चमू अँटवर्प ऑलिंपिकला गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले, वेळ २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद. पण अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता. ४२.१९५ किलोमीटर हे अंतर प्रमाण म्हणून पक्के झाले ते १९२१ मध्ये. म्हणजे चौगुले आजच्या मॅरेथॉनपेक्षा ५५५ मीटर जास्त धावले. त्यांचा पेस किलोमीटरला जवळजवळ चार मिनिटांचा होता. त्याच पेसने आजच्या अंतराला २ तास साडेअठ्ठेचाळीस मिनिटे लागली असती. शंभर वर्षांपूर्वीचा हा धावपटू कागदावर दिसतो त्याहून सव्वादोन मिनिटांनी वेगवान होता, हे त्यांच्या नावापुढे आवर्जून लिहिले गेले पाहिजे.

आज महाराष्ट्रात पुणे-मुंबईबरोबर तालुक्याच्या गावांतही शर्यती होतात. टी-शर्ट, पदक, झुंबा, छायाचित्रे या सगळ्यांची सोय असते. छातीवरच्या क्रमांकपट्टीच्या, म्हणजे बिबच्या मागे चिप चिकटवलेली असते. सुरुवातीच्या मॅटवरून जाताना तिची नोंद होते, त्यामुळे गर्दीत मागे उभ्या राहिलेल्यालाही त्याची स्वतःची वेळ सेकंदापर्यंत मिळते. वेळ एवढी काटेकोर, आणि अंतर मात्र दुचाकीच्या मीटरवर किंवा मोबाईलच्या नकाशावर बोट फिरवून ठरवलेले असेल, तर त्या सेकंदांना अर्थ राहत नाही. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचा यवतेश्वरचा घाट डोळ्यांपुढे आणा. अशा रस्त्यावर चढामुळे नकाशातल्या अंतरात फारसा फरक पडत नाही. पाच टक्के चढाला किलोमीटरमागे सव्वा मीटरच वाढतो. घोळ होतो तो वळणांत, कारण नकाशावर काढलेली रेघ वळणाच्या आतून जाते की बाहेरून, यावर अंतर बदलते. म्हणून नाव नोंदवताना ‘मार्ग कोणी मोजला, कसा मोजला?’ हे विचारावे. शुल्क भरणाऱ्याचा तो हक्क आहे. आणि शर्यतीत घड्याळाच्या पेसवर न जाता रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांवर, घड्याळाचे बटण हाताने दाबत, वेळ जुळवत जावे. मोजलेल्या मार्गावर पाटीच प्रमाण.

आयोजकांसाठीही एक गोष्ट महत्त्वाची आहे. जाऊन-येऊन असलेल्या मार्गावर सगळा हिशेब परतीच्या वळणावरच्या शंकूवर येऊन ठेपतो. तो पाच मीटर पुढे सरकला तर शर्यत दहा मीटर वाढते. म्हणून मोजणीदार त्या जागी डांबरात खिळा ठोकतो आणि जवळच्या विजेच्या खांबापासून किंवा मोरीच्या कठड्यापासून तो किती मीटरवर आहे, हे नकाशावर लिहून देतो. शर्यतीच्या पहाटे शंकू घेऊन निघालेल्या स्वयंसेवकाच्या हातात त्या नकाशाची प्रत आणि एक टॉर्च असायला हवी.