लोह तेच, कवच वेगळं

चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्रसूती वॉर्डात एखाद्या गरोदर बाईच्या खाटेशेजारी गडद तपकिरी सलाईन टांगलेलं दिसलं, की समजावं, तिचं एचबी उतरलंय आणि आयर्न सुक्रोज सुरू आहे. ५ मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये १०० मिलिग्रॅम लोह. ते विरघळलेलं नसतं. काही नॅनोमीटरचे लोहकण त्यात तरंगतात आणि प्रत्येकाभोवती साखरेचं कवच असतं.

हे कवच नसेल तर काय होतं, ते १९३०च्या दशकात दिसलं. विनाकवच लोह शिरेतून दिलेल्या रुग्णांना विषबाधेसारखा त्रास झाला. उघड्या कणांना रक्तातली प्रथिनं चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात. मोकळं लोह सुटलं तर रक्तदाब कोसळतो. कवचामुळे कण सुटे राहतात. मग यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी ते उचलतात आणि लोह बेताबेताने रक्तात सोडतात.

सुक्रोजचं कवच सैल, म्हणून एका वेळी साधारण २०० मिलिग्रॅमच देता येतं. हजार मिलिग्रॅम हवं, तर पाच फेऱ्या. कार्बोक्सिमाल्टोज या दुसऱ्या लोह-औषधाचं कवच घट्ट. तेवढंच लोह पंधरा मिनिटांत एकदाच देता येतं. २०१८च्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात दोन्ही औषधं आहेत. दुसरं महाग, आणि त्याने कधीकधी रक्तातलं फॉस्फेट घटतं. तरी भामरागडच्या आतल्या गावच्या बाईचा हिशेब वेगळा आहे. पाच फेऱ्या म्हणजे पाच दिवसांची मजुरी बुडाली, आणि पर्लकोटा नदीला पूर असला तर रस्ताच बंद. माझ्या मते औषधाची किंमत ठरवताना या फेऱ्याही धरायला हव्यात.

या औषधांमधलं चुंबकत्व नगण्य. पण गाभा मॅग्नेटाइटसारखा असला, की कण चुंबकाला दाद देतात. अमेरिकेत २००९ साली मान्यता मिळालेलं फेरुमॉक्सिटॉल हे लोह-औषध असंच. त्याच्या शर्करेच्या कवचामुळे ते तासन्‌तास रक्तात फिरतं, आणि नंतर तीन महिन्यांपर्यंत एमआरआयच्या चित्रात डोकावू शकतं. उलट युरोपात मेंदूच्या गाठीत टोचण्यासाठी वापरलेल्या कणांना अमिनोसिलेनचं कवच होतं. ते गाठीतच ठाण मांडत, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तापून तिला भाजत.

कवच कितीही चांगलं असो, जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. आपल्या भागात सिकलसेल पुष्कळ, आणि वरचेवर रक्त चढवलेल्या रुग्णाच्या अंगात लोह आधीच साठलेलं असतं. त्यामुळे घरात कुणाला सिकलसेल असेल, तर लोहाचं सलाईन लावण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा आणि साठलेलं लोह दाखवणारं फेरिटिन तपासून घ्या.