गोंगाटातला फोन

इचलकरंजीच्या एका कारखान्यात माझा एक जुना विद्यार्थी फिटर आहे. एके दिवशी तो सायझिंगच्या यंत्रात हात घालून दुरुस्ती करीत होता. मुकादमाने स्विचघरात फोन केला, "यंत्र चालू करू नका." शेजारी माग धडधडत होते. स्विचवाल्याला ऐकू आले, "यंत्र चालू करा." त्याने बटण दाबले. नशीब बघा, पाना घ्यायला पोराने त्याच वेळी हात बाहेर काढला होता! रोलर फिरले, पण हात वाचला.

मुकादम बरोबरच बोलला होता. स्विचवाल्याने ऐकले तेच केले. मधला 'नका' हा एवढासा शब्द गोंगाटाने गिळला.

म्हणून गोंगाटात फोन कसा वापरावा, ते आज पाहू.

आवाज किती मोठा?

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. दोघे जण साधे बोलत बसले, तर सुमारे ६० डेसिबल होतात. मागाच्या खात्यात १०० च्या आसपास होतात. तुम्ही म्हणाल, चाळीसचाच तर फरक! पण हा हिशेब निराळा आहे. दर १० डेसिबलला आवाजाची शक्ती दहापट होते. म्हणजे ४० डेसिबलला दहा हजार पट!

फोनचे दोन आवाज

कारखान्याच्या फोनमध्ये दोन आवाज जुळवायचे असतात. एक कानाचा आणि एक तोंडाचा, म्हणजे माइकचा. कानाचा आवाज वाढवला की पलीकडचा माणूस मोठ्याने ऐकू येतो. माइक वाढवला तर मात्र तुमच्या बोलण्याबरोबर मागाचा खडखडाटही वाढतो. खडे असलेले तांदूळ दुप्पट घेतले, तर खडेही दुप्पटच होणार ना? तांदूळ निवडावे लागतात.

ते कसे निवडायचे? माइक फार वाढवू नका. तोंड माइकपासून दोन बोटांवर ठेवा. ओरडू नका, सावकाश बोला. काही माइकना मागच्या बाजूलाही भोके असतात. लांबचा गोंगाट दोन्ही बाजूंनी आत शिरतो आणि बराचसा आपसांत कटतो. तुमचा आवाज मात्र पुढूनच जातो. बोलताना ती भोके बोटांनी झाकू नका.

आणखी एक युक्ती सांगतो. आपल्या माइकमधला आवाज थोडासा आपल्याच कानात येत असतो. त्याबरोबर गोंगाटही येतो. म्हणून ऐकताना माइकवर तळहात ठेवा. पलीकडचे बोलणे लगेच स्वच्छ वाटेल. करून बघा!

घंटा ऐकूच येत नाही तर?

अशा वेळी फोनला बाहेरून मोठा भोंगा किंवा लुकलुकणारा दिवा जोडतात. कानात बोळे घातलेल्या माणसालाही दिवा दिसतो. पण भोंगा थेट फोनच्या तारेला जोडायचा नसतो. ती तार बारीक कामाची असते. भोंग्याला घरच्या विजेसारखी २३० व्होल्टची वीज लागते. मध्ये रिले नावाचा छोटा स्विच बसवतात. फोनची घंटा वाजली की रिले मिटतो आणि भोंग्याला वीज मिळते. दोन्ही विजा वेगळ्याच राहतात.

हे काम वायरमनलाच करू द्या. घंटा वाजताना फोनच्या तारेतही ७५ व्होल्ट किंवा जास्त वीज येते. चांगला झटका बसतो. पेट्रोल, रंग, गॅस असेल तिथे साधा भोंगा लावूच नये. एक ठिणगी पुरते. तिथे स्फोट होऊ न देणारी, तपासून मान्य केलेलीच वस्तू हवी.

शेवटचा उपाय फुकटचा

फोन कितीही चांगला असो, निरोप ऐकणाऱ्याने तो उलट म्हणून दाखवावा. "यंत्र बंद ठेवायचे, बरोबर?" समोरून "बरोबर" आले, तरच पुढचे काम. आणि 'चालू करू नका' असे म्हणूच नये. 'बंद ठेवा' म्हणावे. त्यात गिळला जाणारा 'नका' नाही.

त्या कारखान्यात आता दुरुस्तीच्या वेळी स्विचला कुलूप लावतात. किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात असते. फोन निरोप देतो, पण हात वाचवायचा तर कुलूपच हवे.