तडा गेलेले धरण उभे कसे राहते?

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला. सुमारे दोनशे माणसे दगावली, हजारो घरे पडली, हे आपल्या वडील मंडळींस ठाऊक आहेच. धरण मात्र उभे राहिले. परंतु ते अभंग राहिले नाही. त्या १०३ मीटर उंच काँक्रीटच्या भिंतीस माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, जेथे कोरड्या बाजूचा उतार एकाएकी बदलतो तेथे, आडवे तडे गेले. मग वरचा भाग घसरून खाली का आला नाही? उकाई धरणाच्या खालच्या अंगास, तापीच्या शहरात राहणाऱ्या आम्हा नवागामकरांस हा प्रश्न परका वाटू नये.

तडा म्हणजे केवळ फट अशी आपली समजूत असते. वास्तविक तड्याच्या दोन्ही बाजू बहुतेक ठिकाणी एकमेकींस टेकलेल्या असतात. लूमच्या कारखान्यात रचलेले कापडाचे ताके पाहा. सर्वांत वरचा ताका एका हाताने सरकतो. तळचा दोन्ही हातांनीही हलत नाही, कारण त्यावर वरचा भार आहे. जितका दाब, तितके घर्षण. हा नियम फ्रेंच इंजिनियर कूलाँ याने अठराव्या शतकात पक्का केला. कोयनेच्या तड्यावर वरच्या काँक्रीटचा प्रचंड भार होता. तोच त्यास धरून राहिला.

तथापि पाणी येथे दुहेरी वैर साधते. त्या पहाटे जलाशयाची पातळी तड्याच्या वर सुमारे २५ मीटर होती. एवढे पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीस ३०० टनांहून अधिक जोराने ढकलते. शिवाय ते तड्यात शिरले तर दर चौरस मीटरला २५ टनांपर्यंत उचल देते. म्हणजे दाब घटतो आणि त्याबरोबर घर्षणही.

याचे गणित कागदावर सुटत नाही. म्हणून संगणकात धरणाचा छेद घेऊन त्याचे लहान लहान तुकडे कल्पितात व प्रत्येक तुकडा किती हलला ते काढतात. या पद्धतीस रे क्लफ यांनी १९६० साली नाव दिले. तड्यापाशी नियम साधेच आहेत: दोन्ही बाजू एकमेकींत घुसू नयेत, त्यांनी एकमेकींस ओढू नये, आणि घर्षणाची मर्यादा ओलांडली की घसरावे. खरी अडचण अशी की तडा कोठे उघडला, कोठे मिटला, कोठे सरकला, हे आधी कळत नाही. म्हणून प्रथम अंदाज धरावयाचा, गणित करावयाचे, नियम मोडला असेल तर अंदाज बदलून पुन्हा करावयाचे, आणि हे सारे भूकंपाच्या सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी किंवा त्याहूनही लहान क्षणासाठी! आमच्या मते ही चिकाटीच यंत्राची खरी करामत आहे; बुद्धी नियम घालणाऱ्याची.

अनिल चोप्रा व चक्रवर्ती यांनी १९७३ साली कोयनेच्या भिंतीतील ताण मोजले, तेव्हा उताराच्या त्या वळणाशीच काँक्रीटच्या ताकदीपलीकडचा ताण निघाला. त्यानंतर देशोदेशीचे अभ्यासक आपली गणिते पारखावयास कोयनेचाच छेद घेत आले आहेत. मात्र तड्याच्या खडबडीत पृष्ठांचे घर्षण नेमके किती, हे यंत्र सांगत नाही. ते मोजूनच घ्यावे लागते, आणि धरणाच्या पोटातील तडा मोजणे सोपे नाही. म्हणून जाणते इंजिनियर घर्षण कमी धरूनही गणित करून पाहतात. कोयनेस तर गणितावर विसंबून न राहता कोरड्या बाजूने काँक्रीटचे भक्कम टेके बांधण्यात आले.