मिनिटाला सहा श्वास

मुंबईच्या लोकलमध्ये भजनी मंडळाचा डबा ओळखायला डोळे लागत नाहीत. बँकेतले, कोर्टातले, आयटीतले लोक बॅगेतून टाळ काढतात. बुवांनी ओळ टाकली की बाकीचे ती उचलतात. त्यांच्या छातीत तेव्हा काय घडत असेल, याचा एक धागा थेट इटलीत सापडतो.

पाव्हिया विद्यापीठाचे लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना दोन प्रार्थना म्हणायला लावल्या: लॅटिनमधली ख्रिस्ती ‘आवे मारिया’ आणि ‘ओम मणि पद्मे’ हा बौद्ध मंत्र. निष्कर्ष २००१ साली छापून आले. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण श्वास दोन्हीकडे मिनिटाला सहाच्या आसपास! एरवी आपण बारा ते वीस घेतो.

आता सहाच का, ही खरी गंमत. श्वास आत घेताना हृदय किंचित वेगात धावतं, सोडताना मंदावतं. रक्तदाबालाही स्वतःची एक लाट असते, साधारण दहा सेकंदांची. म्हणजे मिनिटाला सहा. श्वास त्या लाटेच्या तालात आला की झोक्याला नेमक्या क्षणी धक्का बसावा तसं होतं: हृदयाचा चढउतार मोठा होतो आणि रक्तदाब सावरणारी यंत्रणा अधिक तल्लख होते. ओळ संपेपर्यंत श्वास सोडतच राहायचा, एवढंच माणूस करतो. मोजायला कुणी सांगत नाही! ‘आवे मारिया’ जपमाळेवर म्हणतात तेव्हा अर्धा भाग एकाने म्हणायचा, उरलेला इतरांनी. गोव्यात ख्रिस्ती घरांत तेर्स, म्हणजे हीच जपमाळ, म्हणतात ती याच रीतीने. समोरचा म्हणतो तेवढ्यात आपण श्वास भरून घ्यायचा. बुवा आणि टाळकऱ्यांची वाटणीही अशीच. द्रुत चालीत मात्र हे गणित बिघडणार, हे उघड आहे.

अर्थात कामाचा ताण याने मिटत नाही; रात्री अकराला येणाऱ्या साहेबाच्या मेसेजवर जप हा उतारा नव्हे. माणसं कमी करून ध्यानाची खोली बांधणाऱ्या कंपन्यांचं मला कौतुक वाटत नाही. आणि झोपच उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडेच जायला हवं.

पण एकत्र गाण्याची गोष्ट निराळी. २०१३ साली स्वीडनमध्ये ब्यॉर्न विकहॉफ यांच्या गटाने अठरा वर्षांच्या मुलामुलींना गायला बसवून त्यांच्या हृदयाची गती नोंदवली. संथ मंत्र गाताना श्वास फक्त ओळींच्या मधेच घ्यायचा होता, त्यामुळे साऱ्यांची हृदयं एकदम वेग घेत होती, एकदम मंदावत होती. नुसतं गुणगुणायला सांगून श्वास ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडला, तेव्हा हा मेळ फारसा जमला नाही.