तुमचा ‘पामेरियन’ खरंच पामेरियन आहे का? असं तपासा

राजूरला भरणाऱ्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात जाणकार अंगावरचे ठिपके पाहूनच बैलाची जात सांगतात. कुत्र्याचं पिल्लू घेताना मात्र नुसत्या नजरेवर विसंबलं तर फसगत होऊ शकते.

आपल्याकडे पांढऱ्या, झुपकेदार शेपटीच्या कुत्र्याला सरसकट ‘पामेरियन’ म्हणतात. त्यातले बरेच असतात इंडियन स्पिट्झ. ‘हम आपके हैं कौन’मधला टफीसुद्धा स्पिट्झच!

फरक काय?
पूर्ण वाढलेला पामेरियन साधारण १८ ते २४ सेंमी उंच आणि दोन-तीन किलोंचा असतो. स्पिट्झ पाच किलोंच्या पुढे जातो, त्याचं तोंडही लांबट असतं. पण पिल्लूपणी हा फरक कळत नाही. संकरित पिल्लूही शुद्ध जातीचं वाटू शकतं.

मग काय तपासाल?
• पिल्लाचे आई-वडील प्रत्यक्ष पाहा.
• केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र मागा. त्यावरचा मायक्रोचिप क्रमांक पशुवैद्यकाकडे स्कॅन करून जुळवा.
• वय विचारा. २०१७च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही.

कागद नसतील, तर ‘प्युअर ब्रीड’चे पैसे मोजू नका. कुत्रा आधीच घरी असेल, तर जातीची चिंता सोडा. रेबीजची लस दोघांनाही सारखीच लागते.